खिडकीचे माप : तीन आडवी, तीन उभी, दोन तिरकी

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



आपल्या शाळेच्या पश्चिमेकडील वर्गखोल्यांच्या आठ खिडक्यांना आतून लाकडी झडपा बसवण्याचे विश्वस्त मंडळाने ठरवले आहे. खर्च माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून होणार आहे. सुताराला माप देण्याआधी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी या खिडक्या मोजायच्या आहेत. बैठकीत एक सूचना आली होती : "आठही खिडक्या सारख्याच दिसतात. एक मोजा आणि आठने गुणा." सूचना काटकसरीच्या हेतूने आलेली होती, पण ती मानली तर काटकसर न होता नुकसान होण्याची भीती आहे. लांब राहिलेली फळी कापता येते, आखूड कापलेली फळी वाढवता येत नाही. म्हणून मोजणीच्या आधी हा पाठ सर्वांनी वाचावा, अशी विनंती आहे.

झडपा कशासाठी?

इंदूर शहर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. जून महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्या वेळचे ऊन खिडकीवरचा छज्जा अडवतो. पण दुपारी तीननंतर सूर्य पश्चिमेला उतरतो, किरण तिरपे येतात आणि छज्ज्याच्या खालून सरळ बाकावर पडतात. फळ्यावर चकाकी येते, मुले डोळे बारीक करून वाचतात. झडपेचे पहिले काम ही चकाकी थांबवणे हे आहे.

उष्णतेबद्दल मात्र खरे तेच सांगितले पाहिजे. ऊन काचेतून आत आल्यावर झडप त्याला अडवते, म्हणून आतली झडप उष्णता काही प्रमाणातच कमी करते. बाहेरची सावली जास्त उपयोगी पडते. झडप लावली म्हणून अंगणातले झाड तोडायला आपण मोकळे झालो, असे कोणी समजू नये.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांत खिडकीला बाहेरच्या अंगाला गज आणि आतल्या अंगाला लाकडी झडपा असत. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार मजले लाकडी बांधणीचे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा खिडक्यांकडे मोजणाऱ्याच्या नजरेने पाहा.

आधी शब्द नीट करू

आपल्या गावात शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात कधी हिंदी, कधी इंग्रजी असते. माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे शब्दांची ही अदलाबदल मला चांगली परिचयाची आहे. सुतार मिस्त्रींशी बोलताना घोटाळा होऊ नये म्हणून काही जोड्या पाठ करा. आपण ज्याला चौकट म्हणतो तिला ते चौखट म्हणतील. आपली झडप म्हणजे त्यांचा पल्ला. आपली बिजागरी म्हणजे त्यांचा कब्जा. आपला ओळंबा म्हणजे त्यांचा साहुल. आपला गुण्या तो त्यांचा गुनिया, आणि आपला रंधा तो त्यांचा रंदा.

एक शब्द विशेष लक्षात ठेवा. चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेला मराठीत कर्ण म्हणतात आणि काटकोन त्रिकोणाच्या सर्वांत लांब बाजूलाही कर्णच म्हणतात. हिंदी पुस्तकात पहिल्याला विकर्ण आणि दुसऱ्याला कर्ण असे दोन वेगळे शब्द आहेत. या पाठात दोन्ही अर्थांनी कर्ण येईल आणि का येईल तेही कळेल.

आणखी एक शब्द, गाळा. आपल्या खिडक्यांची काचेची दारे बाहेर उघडतात आणि मध्ये गज आहेत. गजांच्या चौकटीपासून खोलीकडच्या भिंतीच्या कडेपर्यंत भिंतीच्या जाडीत जी मोकळी जागा उरते, तिला आपण इथे गाळा म्हणू. झडपा या गाळ्यात बसायच्या आहेत.

कोणत्या मापाने मोजायचे?

सगळी मापे मिलिमीटरमध्ये घ्यायची. १९५६ च्या कायद्याने आपल्या देशाने दशमान पद्धत स्वीकारली, तरी प्लायवूड अजून "आठ बाय चार" फुटांनीच मागतात आणि मिस्त्री इंच-सुतात बोलतात. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त. ९०० मिलिमीटर हे माप ३५ इंच ३ सूत आणि ३५ इंच ४ सूत यांच्या मधोमध येते. कोणी "चार सूत धरा" म्हटले की जवळजवळ २ मिलिमीटर वाढले. म्हणून कागदावर मिलिमीटरच लिहायचे. मिस्त्रींना इंच हवे असतील तर ते त्यांच्यासमोर बसून काढून द्यायचे.

"तसूभरही फरक नाही" असे आपण सहज म्हणतो. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. पण गज गावोगाव वेगळा असे, त्यामुळे तसूही वेगळा. माप सगळीकडे एकच असणे ही केवढी सोय आहे, हे यावरून लक्षात येईल.

साधने : पोलादी फीत, गुण्या, ओळंबा, पाणसळ, सुतळी, पेन्सिल आणि वही. शिवणकामाची कापडी फीत चालणार नाही, ती ताणली जाते. पोलादी फितीच्या टोकाचा आकडा किंचित हलतो, तो बिघाड समजू नका. आकड्याच्या जाडीइतकाच तो मागेपुढे सरकतो, म्हणजे बाहेरून अडकवून मोजा किंवा आतून टेकवून मोजा, माप बरोबर येते. गाळ्याची रुंदी आतून मोजताना फितीच्या डबीची लांबी मिळवावी लागते, ती बहुतेक डब्यांवर छापलेली असते. फीत मध्ये वाकवून अंदाजाने वाचू नका.

जुने सुतार यासाठी दोन सडपातळ पट्ट्या वापरत. पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत सरकवायच्या आणि सांध्यावर खूण करायची. त्यात आकडा वाचावाच लागत नाही, म्हणून वाचण्यात चूकही होत नाही. आपणही फितीचे माप या पट्ट्यांनी पडताळून पाहू.

तीन आडवी, तीन उभी

गाळ्याची रुंदी तीन ठिकाणी घ्या : वर, मध्ये आणि खाली. उंची तीन ठिकाणी घ्या : डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. गिलावा कुठे फुगलेला असतो, कुठे डागडुजीच्या वेळी जाड झालेला असतो. एका जागचे माप दुसऱ्या जागी खरे नसते.

समजा, एका खिडकीची रुंदी ८९८, ८९६ आणि ८९९ आली, तर धरायची ८९६. उंची ११९४, ११९७ आणि ११९५ आली, तर धरायची ११९४. इथे सरासरी काढायची नाही. वर्गात आपण सरासरीला फार मान देतो, पण खिडकीला सरासरी कळत नाही. सरासरी ८९७.७ मिलिमीटरची वस्तू ८९६ मिलिमीटरच्या जागेतून जाणार नाही. जिथे वस्तू आत बसवायची तिथे सर्वांत लहान माप हेच खरे माप.

फीत मात्र वाकडी धरू नका. ९०० मिलिमीटर रुंदी मोजताना फितीचे एक टोक ४० मिलिमीटर खाली गेले, तर माप सुमारे १ मिलिमीटर जास्त येते. हे तुम्ही गणिताने पडताळू शकता : ९०० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग, आणि त्याचे वर्गमूळ.

दोन तिरकी

आता पाठाचा मुख्य भाग. एका गाळ्याची रुंदी वर ९००, मध्ये ९००, खाली ९०० आणि उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे १२०० आली असे समजा. सहाच्या सहा मापे जुळली. आपण आनंदाने म्हणू की खिडकी अगदी नीट आहे. पण एवढ्यावरून ती नीट आहे असे सिद्ध होत नाही.

आगपेटीचे बाहेरचे वेष्टण घ्या, आतली पेटी काढा आणि वेष्टण हलकेच एका बाजूला दाबा. चारही बाजू जेवढ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, पण आकार कलला. आयताचा समांतरभुज चौकोन झाला. आता आतली पेटी त्यात घालून पाहा, जात नाही. जुन्या भिंतीतला गाळाही असाच कललेला असू शकतो आणि सहा मापांपैकी एकही माप ते सांगत नाही. सांगतात ते दोन कर्ण.

समोरासमोरच्या बाजू समान असलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण समान असतील, तरच तो आयत. ९०० आणि १२०० बाजूंच्या आयताचा कर्ण १५०० यायला हवा, कारण ३, ४, ५ हे प्रमाण. आयताचा कर्ण हाच त्यातल्या काटकोन त्रिकोणाचाही कर्ण असतो, म्हणून मराठीत एका शब्दावर भागते. वेदीची आखणी सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा हाच नियम दिलेला आहे. शुल्ब म्हणजे दोरी. हा नियम मुळात दोरी ताणून जमीन आखणाऱ्यांच्या कामाचा आहे.

समजा, आपल्या गाळ्याचा एक कर्ण १५०६ आणि दुसरा १४९४ भरला. गाळा कललेला आहे हे तर कळलेच, पण किती कलला तेही काढता येते. वरची बाजू स एवढी सरकली आणि रुंदी अ आहे असे धरा. मोठ्या कर्णाच्या त्रिकोणाचा पाया (अ + स) होतो, लहान कर्णाच्या त्रिकोणाचा पाया (अ − स) होतो, आणि उंची दोन्हीकडे तीच. आठवीच्या बीजगणितात आपण शिकतो की (अ + स) चा वर्ग वजा (अ − स) चा वर्ग म्हणजे ४ × अ × स. म्हणून :

स = (कर्णांच्या वर्गांतील फरक) ÷ (४ × रुंदी)

१५०६ आणि १४९४ यांच्या वर्गांतील फरक म्हणजे त्यांची बेरीज ३००० गुणिले त्यांची वजाबाकी १२, म्हणजे ३६,०००. त्याला ४ × ९००, म्हणजे ३,६०० ने भागले की १० मिलिमीटर. वरचा कोपरा खालच्यापेक्षा १० मिलिमीटर एका बाजूला सरकलेला आहे. या गाळ्यात ८९० मिलिमीटरपेक्षा रुंद काटकोनी वस्तू सरळ बसणार नाही. तीनदा मोजून ९०० आले म्हणून ९०० च्या मापाने झडपा केल्या असत्या, तर त्या दारातच अडल्या असत्या आणि लाकूड रंध्याखाली गेले असते.

इथे घाबरण्याचे कारण नाही, तीन उपाय आहेत. झडपा लहान मापाने करून कडेला निमुळती पट्टी लावता येते. गिलावा काढून गाळा सरळ करता येतो. किंवा झडपेची चौकट गाळ्यात न बसवता भिंतीच्या तोंडावर बसवता येते. मात्र यांतला कोणता उपाय करायचा, ते लाकूड कापण्याआधी ठरले पाहिजे.

आणखी दोन तपासण्या करा. एक, ओळंबा सोडून गाळ्याच्या उभ्या बाजू पाहा. बिजागऱ्यांची रेषा उभ्या ओळंब्यात नसेल, तर झडप हात न लावता आपोआप उघडते किंवा मिटते. दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन सुतळ्या ताणून बांधा. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चारही कोपरे एका पातळीत आहेत. त्यांच्यात अंतर राहिले किंवा एकीने दुसरीला दाबले, तर गाळ्याला पीळ आहे. दोन्ही सुतळ्यांची वरखाली अदलाबदल करून खात्री करा.

खोली आणि अडथळे

गाळ्याची खोली वर, मध्ये आणि खाली मोजा. गजाची पट्टी, कडी, खिळे यांपैकी जे आत येते तिथपासून मोजायचे, चौकटीपासून नव्हे. झिलमिलीची झडप असेल, म्हणजे फिरत्या पट्ट्यांची, तर पट्टी पूर्ण उघडल्यावर किती बाहेर येते ते पाहावे लागते. ६४ मिलिमीटरची पट्टी ३० मिलिमीटर जाड झडपेत मधोमध बसवली, तर उघडल्यावर ती दोन्ही बाजूंना १७ मिलिमीटर बाहेर येते. तेवढी जागा गजांकडच्या बाजूला नसेल तर पट्टी गजाला आपटेल.

झडप खोलीत उघडते. म्हणून तिच्या वाटेत काय येते ते लिहा : विजेचे बटण, पंख्याचा नियंत्रक, नकाशाचा खिळा, पहिल्या बाकावर बसणाऱ्याचे डोके. हे शेवटचे मी विनोदाने लिहिलेले नाही. रुंद झडपेच्या जागी दुमडणारी झडप करावी का, हे त्यावरूनच ठरेल.

गाळ्याच्या मापातून झडपेचे माप

मघाच्या पहिल्या खिडकीची लहान रुंदी ८९६ आणि लहान उंची ११९४ होती. तिचे कर्ण समान आले असे धरू. दोन झडपा आहेत, म्हणून डावीकडे ३, उजवीकडे ३ आणि मध्ये ३ मिलिमीटर फट सोडू. ८९६ मधून ९ गेले, ८८७ राहिले, त्याचे निम्मे ४४३.५ ही एका झडपेची रुंदी. वर ३ आणि खाली ५ मिलिमीटर सोडले, तर उंची ११८६. एक झडप दुसरीवर चढवायची असेल, तर चढणाऱ्या भागाची रुंदी वेगळी मिळवावी लागेल.

फट कशाला सोडायची? पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून फुगते. ते तंतूंच्या आडव्या दिशेला फुगते, लांबीच्या दिशेला जवळजवळ फुगत नाही. आपण उन्हाळ्यात, लाकूड कोरडे असताना मोजतो. तेव्हा घट्ट बसलेली झडप श्रावणात हलणार नाही.

नोंद कशी ठेवायची?

प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि तो खिडकीवर खडूने लिहा. प्रत्येकीला वहीचे एक पान. खोलीत उभे राहून दिसते तसे चित्र काढा, डावे-उजवे नेहमी आतून पाहूनच. आधी रुंदी, मग उंची, हा क्रम बदलू नका. एका जोडीने मोजायचे आणि पान झाकून दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजायचे. दोन मापांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचे. आकडा खोडायचा नाही. चुकला तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, म्हणजे आधी काय होते ते दिसते. शिडीवर चढायचे असेल तेव्हा शिक्षक शिडी धरतील, त्यांच्याशिवाय कोणी चढू नये.

पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहा : "हे गाळ्याचे माप आहे, झडपेचे नाही." हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. फट आपण वजा केली आणि मिस्त्रींनीही वजा केली, तर झडप दोनदा लहान होते. कोणीच वजा केली नाही, तर ती बसतच नाही. आपण फक्त गाळ्याचे माप देऊ, फट मिस्त्री वजा करतील आणि त्यांनी काढलेले माप आपण कापणीआधी पुन्हा पाहू.

विश्वस्त मंडळींना विनंती, की प्रत्येक पानावर आठ मापे आणि मोजणाऱ्या दोन्ही जोड्यांच्या सह्या असल्याशिवाय लाकूड कापण्याची परवानगी देऊ नये. पैसे देणगीचे आहेत. देणारे आज इथे उभे राहून पाहणार नाहीत, म्हणून आपणच त्यांच्या वतीने नीट पाहिले पाहिजे.

पालकांना इतकेच सांगायचे आहे, की मुले या कामात चार-पाच तास घालवतील आणि तो अभ्यासाचाच वेळ आहे. एकाच दिशेने दहा वेळा मोजून तेच उत्तर आले, तर आपली खात्री वाढते, पण उत्तर बरोबर असेलच असे नाही. दुसऱ्या दिशेने मोजल्यावरही ते टिकले, तर ते बरोबर. मुलांनी हे खिडकीवर शिकावे. पुढे हिशेबाच्या वहीत आणि ऐकीव बातमीच्या बाबतीतही ते त्यांच्या उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. एका गाळ्याची रुंदी ७५० आणि उंची १००० मिलिमीटर आहे. तो आयत असेल तर कर्ण किती?

२. त्याच गाळ्याचे कर्ण १२५६ आणि १२४४ भरले. वरची बाजू किती सरकली आहे? त्यात जास्तीत जास्त किती रुंदीची काटकोनी वस्तू सरळ बसेल?

३. ३५ इंच ३ सूत म्हणजे किती मिलिमीटर?

४. आगपेटीचे वेष्टण कलवून त्याचे दोन्ही कर्ण पट्टीने मोजा. बाजू न बदलता काय बदलले, ते तीन ओळींत लिहा.

५. घरातील एक खिडकी आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना बरोबर घेऊन मोजा. आठ मापे लिहा. मोजताना घरात वापरलेला खिडकीसंबंधीचा एखादा जुना मराठी शब्द मिळाला तर तोही लिहून आणा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे शनिवारपर्यंत द्यावीत. मोजणी पुढील सोमवारी, पहिल्या तासापासून. पेन्सिलीला टोक करून यावे.

आपली,
प्राचार्या